पोरांचा स्की क्लास कसा निवडलात? अनुभव सांगा

इसारकाठची

आमच्याकडे फेब्रुवारीत फाशिंगची (इथल्या कार्निव्हलची) सुट्टी लागली की निम्मं म्युनिक गाडीच्या छपरावर स्की लादून ऑस्ट्रियाकडे निघतं. मागच्या सीझनला आम्हीही तिरोलला गेलो, लेक साडेचार वर्षांची, सोबत सांगलीहून आलेले आईबाबा. आता बहीण तिची दोन पोरं घेऊन येतेय आणि रोज विचारतेय कुठला क्लास लावू, म्हटलं धागाच काढावा.

आधी माझं. रिसॉर्ट किती मोठं, किती किलोमीटरचे स्लोप, याचा चार वर्षांच्या पोराशी काडीचा संबंध नाही. ते आठवडाभर एकाच छोट्या उतारावर असणार आहे. मी बघितलं ते एवढंच की हॉटेलपासून क्लास चालत किती लांब (पोर आणि पोराच्या स्की दोन्ही आपल्याच खांद्यावर येतात), त्सौबरटेपिश म्हणजे तो वर नेणारा सरकता पट्टा आहे का, आणि संडास किती जवळ आहे. हसू नका, ते सगळे थर उतरवेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. साधारण दहा ते बारा, मग जेवण, मग पुन्हा दोन तास असा कोर्स असतो, जेवणाच्या वेळी पोरं सांभाळायचे पैसे वेगळे. आम्ही नुसती सकाळ घेतली आणि दुपारी आजोबांबरोबर घसरगाडी, आजोबाच जास्त खूश. आणि नवशिक्यांचे ग्रुप रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, बुधवारी पोचून आता घ्या म्हटलं तर घेतीलच असं नाही. शेवटच्या दिवशी रेस आणि सगळ्यांना मेडल.

आता तुम्ही लिहा, कुठलाही देश चालेल.

लिमाटकाठचा_बंड्या

झुरिकहून. संडासाच्या मुद्द्याला +१००.

इथे स्पोर्टफेरिएन म्हणजे शाळांची हिवाळी सुट्टी असते फेब्रुवारीत, पण दर कँटनच्या (इथल्या राज्याच्या) तारखा वेगळ्या, त्यामुळे शेजारच्या कँटनची सुट्टी कधी ते बघून आम्ही शनिवार-रविवार निवडतो, गर्दी बरीच कमी. आमची पोरं फ्लुम्झरबर्गला शिकली, ट्रेनने जाता येतं. स्विस स्की स्कूलचा तो स्नोली नावाचा ससा आहे ना, पोरगा क्लासला नाही, सशाला भेटायला जायचा.

माझा सल्ला भाषेबद्दल. झेरमॅट, ग्रिंडेलवाल्डसारख्या ठिकाणी इंग्रजी बोलणारा टीचर मिळतो, छोट्या गावात मागावा लागतो आणि बुकिंग करतानाच लिहावा लागतो. पण खरं सांगू, चार-पाच वर्षांच्या पोराला फार फरक पडत नाही, ते समोरच्याचं बघून करतं. सहा-सातच्या पुढे मात्र पडतो, तेव्हा ती प्रश्न विचारायला लागतात आणि उत्तर कळलं नाही की रुसतात. इथेच राहत असाल तर सामान सीझनभरासाठी भाड्याने घ्या, पोरांचे पाय दरवर्षी वाढतात, विकत घेण्यात काही अर्थ नाही.

टेम्सकाठचा_कोकणी

आम्ही लंडनहून हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, फ्रान्सला जातो. तिथे त्याच सुमारास फ्रेंच शाळांनाही सुट्ट्या असतात, त्या तीन झोनमध्ये विभागलेल्या, पॅरिसवाल्यांचा आठवडा आपल्या आठवड्यावर आला की लिफ्टला गणपतीतल्या दादर स्टेशनाएवढी रांग. बुकिंगआधी ते कॅलेंडर बघाच.

लाल जॅकेटवाली ईएसएफ ही फ्रेंच स्की शाळा जवळपास सगळीकडे आहे. छोट्यांचा पिऊ पिऊ क्लब, मग उर्सों, फ्लोकों अशा पायऱ्या. शिकवतात पक्कं, पण सुट्टीत ग्रुप मोठे होतात. आम्ही पहिल्या वेळी ईएसएफ, नंतर इंग्रजीत शिकवणारी छोटी शाळा घेतली, महाग होती पण ग्रुपमध्ये मोजकीच पोरं. मुलगी लाजाळू आहे, तिला तेच मानवलं. धाकटा कुठेही सोडला तरी चालतो, त्याला पुन्हा ईएसएफला टाकला, पैसे वाचले. म्हणजे एका घरात दोन पोरांना दोन क्लास, सकाळी दोन दिशांना पळायचं, बायको अजून मला त्यावरून ऐकवते.

फ्रीमाँटची_सून

आम्ही कॅलिफोर्नियातले, स्कीला लेक टाहोला जाणारे. इथे पैशाचाच विषय आधी येतो. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात शाळांना स्की वीक असतो, त्यात क्लास, पास, सामान सगळंच महाग आणि आधीच भरलेलं. आम्ही जानेवारीतला साधा वीकेंड धरतो. आय-८० हायवेला बर्फ पडला की चेन कंट्रोल, म्हणजे टायरला साखळ्या लावायची सक्ती, लागतो आणि गाड्या तासन् तास अडकतात, म्हणून आदल्या रात्रीच जाऊन राहायचं, सकाळी निघून नऊचा क्लास गाठू वगैरे स्वप्नं बघू नये.

इथे दिवसभराचा क्लास असतो, जेवण त्यातच. आमचा व्हेजिटेरियन, फॉर्मवर लिहिलं होतं तरी त्याला नुसता बन आणि फ्राईज मिळाले. त्यानंतर खिशात ठेपला. फक्त शेंगदाण्याचा लाडू-चिक्की देऊ नका, इतर मुलांना अ‍ॅलर्जी असते, चेअरलिफ्टवर वाटत बसतील.

प्रायव्हेट की ग्रुप, तर चार वर्षांच्या मुलाला अख्खा दिवस प्रायव्हेट म्हणजे पैशाचा चुराडा, तासाभरात दमतो तो. ग्रुपमध्ये निम्मा वेळ हॉट चॉकलेट आणि बर्फात लोळण्यात जातो आणि ते बरोबरच आहे.

औंधातला_बाबा

फॉरेनवाल्यांनो, थोडं गुलमर्गबद्दलही. आम्ही पुण्याहून गेलो, मुलगा सात, मुलगी पाच. टॅक्सीतून उतरल्या उतरल्या स्लेजवाले, गाईड, बूटवाले सगळे घेरतात. शांतपणे नाही म्हणायचं आणि टूरिझम खात्याकडे नोंद असलेला इन्स्ट्रक्टर हॉटेलमधून किंवा ओळखीतून आधीच ठरवायचा. तिथे तिरोलसारखं पोरांचं वेगळं मैदान, ससा, मेडल असलं काही गृहीत धरू नका, बहुतेक एक माणूस आणि तुमची पोरं असाच मामला, त्यामुळे माणूस कसा हेच बघायचं. आमचा फार प्रेमळ होता, मुलीला थंडी वाजली की आधी शेकोटीपाशी बसवायचा, मग क्लास.

सामान मात्र नीट बघा. छोट्या मापाचे बूट शोधावे लागतात, आम्हाला एकाने मोठा बूट देऊन आत दोन सॉक्स घाला म्हणून सांगितलं, तसं अजिबात करू नका, पाय आत हलतो आणि स्की वळतच नाही. एकच लांब पातळ सॉक्स. हेल्मेट घरून नेलंत तर उत्तम. शिकायचं खालच्याच उतारांवर. गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर जातो, छोट्यांना विरळ हवेचा त्रास होतो, आम्ही पहिल्या टप्प्यावरूनच परत फिरलो. आणि बर्फाची खात्री डिसेंबरात धरू नका, २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्ग कोरडं पडलं होतं. फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरा.

बरदुबईची

आमचं घरच वाळवंटात, पण मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई आहे, २००५ पासून. सुट्टीला युरोपात जायच्या आधी पोराला तिथे नेऊन आणला. हेतू एकच, त्या जड बुटांत तो चालतो का आणि अनोळखी माणसाबरोबर राहतो का. बूट चालले, माणूस नाही चालला, मग युरोपातलं बुकिंग फुल डेवरून हाफ डे केलं.

कॅलगरीचा_काका

विरोधी मत लिहितो, चिडू नका. तीन वर्षांच्या पोराला सुट्टीत क्लास लावूच नये. पालक फोटोसाठी लावतात. इथे कॅनडात आमच्या शहरातच विनस्पोर्टची स्कीची टेकडी आहे, १९८८ च्या ऑलिंपिकसाठी तयार केलेल्या पार्कातली, आमचा पोरगा तिथे आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर जायचा आणि त्यातून जे आलं ते आठवडाभराच्या महागड्या सुट्टीत आलं नसतं. जवळ टेकडी असेल तर आधी तिथे, आणि डोंगरावरची सुट्टी पाच-सहा वर्षांचं झाल्यावर.

इसारकाठची

काका, टेकडी सगळ्यांच्या नशिबात नसते हो. सांगलीहून येणाऱ्या पोरांनी काय करायचं? पण तीन वर्षांबद्दल सहमत, बहिणीच्या धाकट्याला घसरगाडीच देणार.

फ्रीमाँटची_सून

एक राहिलं. सोडल्यावर कुंपणाशी उभं राहून हात हलवू नका. आमचा मला बघेपर्यंत मजेत पिझ्झा करत होता, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून ब्रेक, आणि मी दिसले की भोंगा. शिक्षिकेनेच मला कॉफी प्यायला पाठवलं.

सातारकर_स्टुटगार्ट

धागा छान. एक शंका, मुलीला चष्मा आहे, जाड भिंगाचा. क्लासमध्ये गॉगल लावायला लावतात, मग चष्मा काढायचा का?

लिमाटकाठचा_बंड्या

नको नको, चष्म्यावरून बसणारे गॉगल्स मिळतात, पोरांच्या मापातही. दुकानात जाताना चष्मा आणि हेल्मेट दोन्ही घेऊन जा, तिन्ही एकत्र घालून बघायचं, चष्म्याच्या काड्या कानापाशी दाबल्या जात नाहीत ना ते विचारा तिला. बर्फात शिरल्यावर वाफ धरतेच थोडी, म्हणून टीचरला आधी सांगून ठेवायचं आणि खिशात पुसायचं फडकं द्यायचं.

सातारकर_स्टुटगार्ट

धन्यवाद! शनिवारी दुकानात जातो.