मदत हवी आहे: राजगिऱ्याला युरिया किती द्यावा?
मंडळी, खानापूरजवळ 20 गुंठ्यांत यंदा राजगिरा टाकलाय. शेजारचे काका म्हणतात, "घाल की आख्खं पोतं युरिया!" 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र, म्हणजे जवळजवळ 21 किलो. नत्रानं प्रथिनं वाढतात, कबूल. पण माझं गिऱ्हाईक लहान मुलांचं सत्त्व करणारं, त्यांना लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) हवं. गहू-मक्यात जादा नत्रानं प्रोलॅमिन नावाचं प्रथिन वाढतं, त्यात लायसिन कमी. म्हणजे टक्का चढतो, कस उतरतो. राजगिऱ्यात प्रोलॅमिन मुळातच थोडं, अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन ही लायसिन बरं असलेली प्रथिनं जास्त. मग इथंही तसंच होतं का? कुणी दाणे तपासून घेतलेत? युरियाचे हप्ते कधी दिले? (ताटं लोळायची धास्ती वेगळीच, गेल्या साली मका झोपला होता.)