'बाटली फायर करणे'ला मराठीत काय म्हणाल?

समुद्रसंशोधन जहाजावरच्या कामाबद्दल मराठीत लिहितोय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. सीटीडी म्हणजे पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, ते केबलने खाली सोडतात, त्याच्याभोवती गोल फ्रेमवर पाण्याचे नमुने घेणाऱ्या निस्किन बाटल्या असतात, बऱ्याचदा २४. त्या दोन्ही टोकांना उघड्या ठेवूनच खाली जातात आणि वर येताना हव्या त्या खोलीवर लॅबमधून बटण दाबलं की एकेक बंद होते. याला म्हणतात बॉटल फायर करणे. 'बाटली डागली' लिहिलं तर युद्धनौका वाटते हो.

डागू नका :) ताणलेली झाकणं सुटून फटकन बसतात एवढंच होतं. 'बाटली मिटवली' कसं वाटतं? बाटलीने तोंड मिटलं.

छान आहे, पण जहाजावर कोणी म्हणणार नाही. विंच, म्हणजे केबल सोडणारं यंत्र, चालवणारा वॉकीटॉकीवर सांगतो 'हजार मीटरवर थांबलो', मग लगेच बटण दाबायचं नसतं, जरा थांबायचं, म्हणजे बाटलीतलं खालून आलेलं पाणी धुतलं जाऊन त्या खोलीचं पाणी भरतं, मग फायर, मग लॉगशीटवर नंबर. रात्री ३ च्या वॉचला, म्हणजे पाळीला, डोळे मिटत असताना बाटली कोण मिटवणार! संवादात फायर ठेवा, निवेदनात 'बंद केली' लिहा.

बरं, आणि मोजमापासाठी जहाज थांबवतात त्या जागेला म्हणतात ते 'स्टेशन'? तिथे तर काहीच नसतं, नुसते अक्षांश-रेखांश.

ठाणं लिहिलं की पोलीस आठवतात, स्थानक म्हटलं की एसटी. 'थांबा' त्यातल्या त्यात बरा, कारण जहाज खरंच तिथे थांबतं, तेही नांगर न टाकता थ्रस्टरवर जागा धरून. ४००० मीटरची कास्ट, म्हणजे सीटीडी खाली सोडून वर आणणं, मिनिटाला ६० मीटरने केली तरी नुसतं खाली जायला तासाहून जास्त लागतो. कास्टला 'फेरी' चालेल.

माझं मत वेगळं. नव्या यंत्रांचे शब्द आहेत तसे राहू देत, पण जिथे आपला शब्द आधीच आहे तिथे तरी तो वापरा ना! साउंडिंगला, म्हणजे पाण्याची खोली मोजण्याला, 'ठाव घेणे'. आपण माणसाच्या मनाचा ठाव घेतो, पण ठाव म्हणजे मुळात पाण्याचा तळच की. आणि फॅदम या खोलीच्या मापाला 'वाव', दोन हात पसरले की होतं तेवढं अंतर. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७५ मध्ये मारियाना गर्तेजवळ दोरी सोडून ४,४७५ वाव पाणी मोजलं, म्हणजे ८ किलोमीटरच्या वर. आता इको साउंडर आवाज सोडतो, आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, तळ ४५०० मीटरवर असेल तर प्रतिध्वनी यायला ६ सेकंद. तरी तो ठावच घेतोय.

'ठाव' घेतला, धन्यवाद! शेवटचं, सॅम्पलिंगला 'पाणी काढणे' लिहू का?

लिहा, कानाला बरं लागतं. फक्त क्रम चुकवू नका, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं पाणी आधी काढतात, हवा लागायच्या आत. नळी छोट्या बाटलीच्या तळाशी धरून पाणी बराच वेळ ओसंडू द्यायचं, एकही बुडबुडा नको, मग रसायनं घातली की तपकिरी साका धरतो. या साक्याला 'प्रेसिपिटेट' लिहिलंत तर मात्र भांडण होईल.