अंदाजाच्या खेळात गुणतक्ता हवाच कशाला?

पिवळीचौकट

आमच्या शब्दखेळाच्या गटात एक वाद सुरू आहे. तो आमच्यापुरता नाही असं वाटतं, म्हणून हा धागा.

खेळ वर्डल. रोज सगळ्यांना एकच पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न, आणि सुटला (किंवा नाही सुटला) की हिरव्या-पिवळ्या-राखाडी चौकोनांची जाळी गटात टाकायची (हिरवा म्हणजे अक्षर बरोबर जागी, पिवळा म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, राखाडी म्हणजे नाहीच). बरेच महिने हे छान चाललं होतं. मग एका सभासदाने सगळ्यांचे निकाल आपोआप मोजणारा बॉट आणला. आता दर रविवारी यादी लागते. पहिला कोण, शेवटचा कोण, प्रत्येकाची सरासरी किती.

माझं मत स्पष्ट आहे: हा तक्ता बंद व्हावा. तो आल्यापासून गप्पाच बदलल्या. आधी कुणी जाळी टाकली की "दुसऱ्या ओळीत काय टाकलंत? तिथून एकदम तीन हिरवे कसे आले?" असं विचारलं जायचं. आता "पाच? अरेरे, सरासरी गेली" एवढंच. आमच्यात एक बाई नेहमी पाचव्या-सहाव्या प्रयत्नात सोडवायच्या आणि कुठे अडकले, कशी सुटले हे इतकं रंगवून लिहायच्या की मी त्यांच्या निकालाची वाट बघायचे. यादीत दोनदा तळाला नाव आलं आणि त्यांनी टाकणंच सोडलं.

हा खेळ जन्माला आला तेव्हा त्यात क्रमवारी नव्हती. जॉश वॉर्डल यांनी तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांना खुला केला. 1 नोव्हेंबरला 90 जण खेळले, 2 जानेवारी 2022 ला तीन लाखांहून जास्त. तेव्हा खातं उघडावं लागत नव्हतं, सूचना येत नव्हत्या, उद्याचा शब्द आज मिळत नव्हता. चौकोनांची जाळीसुद्धा मुळात खेळाडूंनीच हाताने टाईप करून पाठवायला सुरुवात केली होती. वॉर्डल यांनी ती पाहिली आणि डिसेंबरमध्ये ती सोय खेळातच दिली. त्या जाळीत तुमची सगळी झटापट दिसते, पण शब्द दिसत नाही. ज्याचं अजून खेळायचं आहे त्याचा आनंद जाऊ नये म्हणून हजारो अनोळखी माणसं दिवसभर एक शब्द पोटात ठेवतात. या खेळातला सलोखा मला तिथे दिसतो. कोण कितवा आला याचा त्याच्याशी काय संबंध?

सहावाडाव

मीही याच गटातला. पूर्ण असहमत.

चुरस नसलेल्या गटात काय होतं ते मी पाहिलं आहे. पहिले काही आठवडे सगळे उत्साहाने जाळ्या टाकतात. मग कुणी कुणाची बघत नाही. गटात नुसता चौकोनांचा ढीग पडतो आणि एक दिवस तोही थांबतो. आमच्याकडे तक्ता आहे, म्हणून बोलायला विषय आहे. गेल्या आठवड्यात पुढे असलेला या आठवड्यात घसरला की त्याला चिडवायचं, त्याने पुढच्या आठवड्यात परतफेड करायची. ज्यांच्याशी एरवी माझं काही बोलणं झालं नसतं त्यांच्याशी या चिडवाचिडवीतून ओळख झाली, आणि ती खेळाच्या बाहेरही टिकली.

दुसरं, मला हरवायचं म्हणून कुणी मन लावून खेळतं यात मला मान दिसतो. "जमलं ना, छान!" असं सगळ्यांना सारखंच म्हणत राहणं म्हणजे कुणाच्याच खेळाकडे नीट न बघणं.

त्या बाईंबद्दल वाईट वाटलं. पण त्यांना कुणी विचारलं का, की यादीमुळेच थांबलात?

पिवळीचौकट

विचारलं. "माझ्यामुळे कशाला गंमत घालवता" म्हणाल्या. यापुढे मी काय विचारायचं?

गणिती

तुम्ही दोघंही तो आकडा काहीतरी सांगतो असं धरून चालला आहात. माझा आक्षेप तिथेच आहे. उदाहरण देतो.

समजा दुसऱ्या प्रयत्नात तुम्ही 'राईट' (right) टाकलात आणि पहिलं अक्षर सोडून बाकी चारही हिरवी आली. आता ओळखीचे शब्द उरतात सात: लाईट, माईट, नाईट, साईट, फाईट, टाईट आणि आठचा 'एट'. प्रयत्न उरले चार. एकेक शब्द तपासत गेलात तर सातातले चारच तपासून होतात, उरलेल्या तिनांपैकी एखादा असेल तर हरलात. त्याऐवजी तिसऱ्या प्रयत्नात 'फिल्म्स' टाका. तो उत्तर असूच शकत नाही हे माहीत असून टाका. एका फटक्यात एफ, एल, एम, एस या चार अक्षरांचा निकाल लागतो. त्यातलं एखादं उजळलं तर चौथ्या प्रयत्नात उत्तर. काहीच उजळलं नाही तर उरले तीन शब्द आणि तीन प्रयत्न. हरणं अशक्य.

आता गंमत बघा. ज्याने डोळे मिटून 'लाईट' टाकला आणि तोच निघाला, त्याचा निकाल तीन. ज्याने विचार करून 'फिल्म्स' टाकला त्याचा चार, कदाचित पाच किंवा सहा. तुमच्या तक्त्यात पहिला वर, दुसरा खाली. (कठीण प्रकारात खेळणाऱ्यांना ही युक्ती वापरताच येत नाही, कारण मिळालेली अक्षरं पुढच्या प्रयत्नात घ्यावीच लागतात. तुमचा बॉट हा फरक तरी करतो का?)

न्यूयॉर्क टाइम्सने 2022 च्या जानेवारीअखेर खेळ विकत घेतला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर्डलबॉट आणला, म्हणजे तुमचा खेळ तपासून गुण देणारा प्रोग्राम. तोही कौशल्य आणि नशीब यांचे गुण वेगवेगळे देतो. खेळ चालवणारेच हे दोन एकत्र मोजत नाहीत.

तक्ता दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही. तो खोटा आहे.

सहावाडाव

नशीब दीर्घकाळात समान होतं. गणितींना हे मी सांगायची गरज नसावी.

गणिती

दीर्घकाळात होतं, मान्य. तुमची यादी रविवारची रविवार लागते. सात शब्दांवर.

खांबओळख्या

मी वर्डलवाला नाही, जिओगेसरवाला. रस्त्यावरचं दृश्य बघून जगातली जागा ओळखायची, एका फेरीला जास्तीत जास्त 5000 गुण, पाच फेऱ्यांचे 25,000. 2013 मध्ये स्वीडनच्या आंतोन वालेन यांनी सुरू केला. इथे गुण हाच सगळा खेळ आहे, जागतिक स्पर्धासुद्धा होते (2023 मध्ये स्टॉकहोमला झाली होती).

आणि तरीही मी पाहिलेल्या सगळ्या खेळांत सर्वांत उदार माणसं इथे भेटली. विजेचे खांब कोणत्या देशात कसे असतात, रस्त्याकडेच्या दर्शक-खुंटांवर कुठला रंग कुठे असतो, मधली रेघ पिवळी की पांढरी, दुपारचा सूर्य उत्तरेला दिसला तर आपण बहुधा दक्षिण गोलार्धात आहोत, हे सगळं मला माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी शिकवलं. ज्यांना मी उद्या हरवणार आहे त्यांनी. लोकांनी देशवार टिपणं तयार करून फुकट ठेवली आहेत. हरलेला खेळाडू आधी विचारतो, "तुला कशावरून कळलं?" आणि जिंकलेला सांगतो.

त्यामुळे धागाकर्तीचं निदान मला चुकीचं वाटतं. तुमच्या गटात "कसं कळलं" हा प्रश्न विचारणं थांबलं. तो परत विचारायला लागा. तक्ता राहिला काय, गेला काय.

पिवळीचौकट

हा मुद्दा मला पटला, पण अर्धाच. तुमच्या खेळात विचारण्यासारखं आणि शिकण्यासारखं ज्ञान आहे. खांब ओळखायला शिकलात की कायमचे शिकलात. आमच्याकडे गणितींची 'फिल्म्स'सारखी युक्ती सोडली तर शिकायला थोडंच आहे. बाकी आहे ती रोजची भेट. आणि रोजच्या भेटीत आकडा मध्ये आला की बोलणं आकड्याचंच होतं.

रेघोट्या

स्क्रिबल खेळणाऱ्यांपैकी कुणी आहे का इथे? एकाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी घड्याळ संपायच्या आत शब्द ओळखायचा. लवकर ओळखाल तितके जास्त गुण. पण त्यातली एक सोय मला फार आवडते. तुम्ही ओळखलंत की तुमचं बोलणं फक्त ओळखलेल्यांनाच दिसतं. म्हणजे जिंकलेल्यांची एक खोली तयार होते आणि तिथे बसून सगळे उरलेल्यांसाठी जीव टाकत असतात, "अगं जवळ आली होती, एकच अक्षर!" त्या शेवटच्या माणसाला ते ऐकू जात नाही. तरी सगळे तो ओळखेपर्यंत थांबलेले. गुण मला एकदाही आठवत नाहीत. ते थांबणं आठवतं.

बाजू घ्यायची तर पिवळीचौकट यांची.

कानाने_खेळतो

मी वेगळीच बाजू मांडतो. मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो. तुमची ती सुंदर जाळी माझ्या कानात "हिरवा मोठा चौकोन, पिवळा मोठा चौकोन, काळा मोठा चौकोन" अशी येते. सहा ओळी असतील तर तीस वेळा. गटातल्या सगळ्यांच्या जाळ्या ऐकायच्या म्हणजे किती वेळ जातो याचा विचार करा. मी त्या वगळायला लागलो, आणि मग गप्पाही सुटल्या.

आमच्या गटात बॉट आला तेव्हा पहिल्यांदा मला एका ओळीत कळलं की आज कुणाला जड गेलं आणि कुणाला सोपं. त्या यादीमुळे मी परत बोलू लागलो. म्हणून "आकडे काढा, जाळी पुरेशी आहे" हे वाचून मला त्रास झाला. पुरेशी कुणाला?

तक्ता काढायचा तर काढा. पण मग प्रत्येकाने जाळीसोबत एक वाक्य लिहायचं. "चौथ्यात सुटला, पहिल्या दोन ओळी कोऱ्या गेल्या." एवढ्यावर मी तुमच्यात येतो.

रेघोट्या

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गटात आजच सांगते.

पिवळीचौकट

कानाने_खेळतो, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ते एक वाक्य मला तक्त्यापेक्षा आणि जाळीपेक्षाही चांगलं वाटतं. त्या बाई तेच करायच्या.

आता सहावाडाव यांना. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ एक घटना घडली, तेव्हा बातम्यांत खूप गाजली होती. 80 वर्षांच्या एका बाईंच्या घरात रात्री माणूस घुसला आणि त्याने त्यांना तळघरातल्या न्हाणीघरात कोंडून ठेवलं. त्या रोज लेकीला वर्डलचा निकाल पाठवायच्या. त्या दिवशी तो आला नाही, म्हणून दूर सिॲटलला राहणाऱ्या लेकीला काळजी वाटली, पोलिसांना कळवलं गेलं आणि बाई सुखरूप सुटल्या. त्या लेकीला आईचा निकाल तीन होता की सहा याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. निकाल आला की नाही, एवढंच तिने पाहिलं. आपल्या गटातल्या बाई यादीमुळे गप्प झाल्या. आता त्यांचं बरं आहे की नाही हे मला त्या जाळीतून कळत नाही.

सहावाडाव

घटना मोठी आहे आणि मी ती हलकी करत नाही. पण ती आई-लेकीची गोष्ट आहे. तीसेक अनोळखी लोकांच्या गटाला ती लावता येईल का? अशा गटात लोकांना धरून ठेवायला काहीतरी लागतं. माझ्या अनुभवात ते काहीतरी म्हणजे चुरस.

जाळीटाकतनाही

तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरता: रोज टाकलंच पाहिजे. मी रोज खेळते, गटात रोज वाचते, टाकत क्वचितच. एकदा काही दिवस काही लिहिलं नाही तर तिघांनी "कुठे आहात, बरं आहे ना" म्हणून विचारलं. हेतू चांगला होता, तरी मला ती हजेरी वाटली. तक्त्यात शेवटचं नाव येण्यापेक्षा मला ते जास्त जड गेलं. ज्याला नुसतं बसून ऐकायचं आहे त्यालाही गटात जागा असू द्या. मी कुणाचाही शब्द आजवर फोडलेला नाही. तेवढ्यावर मला सोबती समजा.

गणिती

+१. आणि एक व्यवहार्य सूचना. कालच्या शब्दावर आज बोलायचं. शब्द फुटायची भीती नाही, कुणी 'फिल्म्स'सारखं काही केलं असेल तर ते सगळ्यांना कळतं, आणि ज्याला सहाव्यात सुटला त्याची गोष्ट बहुधा सगळ्यांत रंजक असते, कारण त्याच्याकडे सांगायला ओळी जास्त आहेत.

सहावाडाव

कालच्या शब्दावर चर्चा, चालेल. जाळीसोबत एक वाक्य, तेही चालेल, आपल्या गटात मी स्वतः सुरू करतो. ज्याला यादीत नाव नको त्याचं नाव बॉटमधून काढता येतं, ते करू. तळाची दोन-तीन नावं जाहीर करू नयेत हेही मान्य, त्यातून कुणाला काही मिळत नाही. पण पहिली तीन नावं आणि सरासरी राहील. ती काढली तर आमचे निम्मे लोक जातील, आणि तेही सोबतीच आहेत.

पिवळीचौकट

तळ काढलात याबद्दल मनापासून आभार. सरासरीवर मात्र मी अडून राहणार आहे. सात शब्दांची सरासरी काय सांगते ते गणितींनी वर लिहिलंच आहे, त्याचं उत्तर तुमच्याकडून अजून आलेलं नाही. महिन्याची लावा, मग बोलू.

सहावाडाव

महिन्याची लावायला माझी हरकत नाही. बॉटवाल्यांना विचारून उद्या इथेच कळवतो. त्या बाईंना सांगा, नाव यादीतून काढलंय, गोष्ट मात्र हवी आहे.