प्लेस्कूल म्हणतं घरी फक्त इंग्रजी बोला. ऐकायचं का?

बंगळुरूची_सून
मुलगा सव्वादोन वर्षांचा. घरी आम्ही मराठी बोलतो, त्याला सांभाळणाऱ्या अक्का कन्नड आणि प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. ‘दे’, ‘गेला’, ‘नीरु’ (कन्नडमध्ये पाणी), ‘बॉल’ धरून जेमतेम वीस शब्द येतात, दोन शब्द जोडत नाही. टीचर म्हणतात, तीन भाषांनी पोर गोंधळलंय, घरी इंग्रजीच ठेवा. सासूबाई म्हणतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलायला लागला, घाई कसली! मला दोन्ही पटत नाही. मराठी सोडायची नाही, पण हातावर हात ठेवूनही बसवत नाही.

सदाशिवपेठी
शाळेचं ऐका. आमचा भाचा घरी अस्खलित मराठी बोलायचा, ज्युनिअर केजीत मात्र तोंडाला कुलूप. शू लागलीय एवढंही सांगता येईना, रोज ओली चड्डी घेऊन घरी. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्यांनी आपली मुलं कुठे शिकतात तेवढं आधी सांगावं.

वाचा_आणि_श्रवण
मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांबण लावते. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. खरी अडचण असेल तर ती सगळ्याच भाषांत दिसते. शब्द मोजताना मराठी, कन्नड, इंग्रजी सगळे एकत्र धरा; ‘नीरु’ हासुद्धा शब्दच. सल्ला ऐकून इंग्रजीवर गेलेली घरं मी बघते. आईबापांना त्या भाषेत सहज बोलता येत नसलं की ‘सिट’, ‘ईट’, ‘नो’ एवढंच उरतं. गप्पा संपतात, हुकूम राहतात.
पण सासूबाईंचंही ऐकू नका. दोन वर्षं उलटूनही दोन शब्द जुळत नसतील तर आधी कान तपासा. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं की बारीक आवाज निसटतात. म्हैसूरला 1965 पासून अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, तुम्हाला जवळ पडेल.

माईआजी
जीभ जड असेल. वेखंड मधात उगाळून चाटवा, आमच्याकडे सगळ्यांना दिलंय. आणि तो मोबाईल आधी काढून घ्या.

वाचा_आणि_श्रवण
माई, वेखंडाने शब्द फुटत नाहीत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. मोबाईलचं मात्र शंभर टक्के खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, कमी तेवढं बरं.

बंगळुरूची_सून
जेवताना व्हिडिओ लागतोच. नाहीतर घास तोंडात तसाच धरून बसतो.

वाचा_आणि_श्रवण
मग सुरुवात जेवणापासूनच करा. पाण्याच्या भांड्याकडे बोट केलं की लगेच पेला हातात देऊ नका. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, मनात पाच आकडे मोजा. ‘नीरु’ म्हणाला की ‘नीरु हवं? गार पाणी हवं?’ म्हणा आणि द्या. ‘म्हण, म्हण’ असा लकडा नको. घरातले लोक तो बोलायच्या आतच सगळं पुरवतात, तिथेच संधी जाते.

सदाशिवपेठी
हे सगळं दुपारी घरी असणाऱ्यांसाठी ठीक. सातला ऑफिसातून आलेल्या बाईने कुकर लावायचा की पाच आकडे मोजायचे? आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा लिहिलंय म्हणे. बंगळुरूत मराठी प्लेस्कूल दाखवा!

वाचा_आणि_श्रवण
कुकर लावतानाच. डाळ धुताना तिचाही हात पाण्यात घालू द्या, तोंड आपलं चालू ठेवा. वेगळा तास काढायला कुणी सांगितलंय? प्लेस्कूल नसेल तर घर हीच मराठीची एकमेव जागा, मग तीही बंद का करायची?

सदाशिवपेठी
‘तिचाही’ नाही, मुलगा आहे.

वाचा_आणि_श्रवण
त्याचाही. मुद्दा तोच.

बंगळुरूची_सून
कानाच्या तपासणीची वेळ घेतली. टीचरना कळवलं, घरी मराठीच राहील. सासूबाई रुसल्यात, ‘माझ्या नातवाला बहिरा ठरवताय’ म्हणून.

सदाशिवपेठी
बोला मराठी. पण शाळेत पाठवण्याआधी ‘टॉयलेट’ तेवढं शिकवा.