वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी वाचकांना वर्षभर बाहेर ठेवणं योग्य आहे का?

कौलारू
आमचं कोकणातलं तालुक्याचं गाव. वाचनालयाची इमारत जुनी, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं आणि लाकडी माडी. गेल्या पावसात संदर्भ विभागात बादल्या लावून ठेवाव्या लागल्या. माडीच्या तुळयांना वाळवी लागलीय. काम काढायलाच हवं, यात माझं दुमत नाही. पण परवा दारावर सूचना लागली: 'दुरुस्तीच्या कामासाठी वाचनालय 1 नोव्हेंबरपासून पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.'

हे 'पुढील सूचनेपर्यंत' वाचून माझ्या पोटात गोळा आला. आधी नोकरीच्या गावी हे अनुभवलंय. तिथलं वाचनालय 8 महिन्यांसाठी बंद झालं आणि उघडलं तिसऱ्या वर्षी. इमारत सुरेख झाली होती, पण संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन-तीन माणसं दिसायची. पूर्वी तिथे बसायला जागा मिळत नसे.

बंद ठेवण्यावाचून गत्यंतरच नसतं, हे मला पटत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची रिशेल्यू ही जुनी वास्तू घ्या. 2010 च्या सुमारास सुरू झालेलं तिचं काम 2022 मध्ये संपलं. पण वास्तूचे दोन भाग करून ते आळीपाळीने केलं, म्हणजे एकीकडे काम चालू असताना दुसरीकडे अभ्यासक बसत होते. एवढा मोठा संग्रह सांभाळून त्यांना हे जमलं, तर आपल्याला तळमजल्यावरची एक खोली आणि देवघेवीचं टेबल चालू ठेवणं जमू नये? सर्वसाधारण सभेत हा विषय मांडणार आहे. तुमची मतं हवीत, विरोधी असली तरी.

ओळंबा
मी बांधकामातला माणूस आहे. कौलारू, तुमची तळमळ पोचली, तरी माझं मत स्पष्ट आहे: बंद ठेवा.

रिशेल्यूची तुलना इथे लागू पडत नाही. ती वास्तू एका अख्ख्या चौकाएवढी आहे, अर्धी बंद केली तरी उरलेली अर्धी प्रचंडच. तुमच्याकडे एकच छप्पर आहे आणि तेच उतरवायचंय. कौलं काढली, त्यांच्या खालच्या लाकडी पट्ट्या म्हणजे रीप आणि वासे मोकळे केले की खाली कोणीही असता कामा नये. हातातून निसटलेलं एक कौल पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट वजनाची, जी वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात. ग्रंथालयात कपाटं दाटीने उभी असतात त्या खोलीला आपलं मानक किमान 600 किलो धरायला सांगतं, तेही कपाटं 2.2 मीटर उंचीपर्यंतची असतील तर. उंची वाढली की भारही वाढवून धरायचा. 'माडीच्या एका बाजूला काम करा, पुस्तकं दुसरीकडे सरकवा' असं कोणी सुचवलं, तर वाळवी लागलेल्या तुळयांवर दुप्पट ओझं येईल.

आणि न्यूयॉर्क आठवा. 2014 च्या मे महिन्यात तिथल्या मुख्य ग्रंथालयाच्या मोठ्या वाचनदालनात 52 फुटांवरून छताचं प्लास्टरचं फूल निखळून पडलं. रात्रीची वेळ होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. दालन उघडायला 2016 चा ऑक्टोबर लागला. तिथे तर तेव्हा तोडफोडही चालू नव्हती.

पहाटपाळी
मी त्याच तालुक्यातली आहे, राज्यसेवेची तयारी करतेय. घरी दोन खोल्या, माणसं सहा आणि टीव्ही रात्री दहापर्यंत. वाचनालयाच्या अभ्यासिकेची महिन्याची फी मला परवडते, शहरातल्या खासगी अभ्यासिकेची नाही. माझ्या परीक्षेला वयाची मर्यादा आहे. 'वर्षभर थांबा' हे आमच्या बाबतीत किती महाग पडतं, ते सभेत कोणीतरी सांगा. मुली तिथे बसायला घरचे पाठवतात, कारण ग्रंथपाल मॅडम ओळखीच्या आहेत. दुसऱ्या ठिकाणी पाठवतीलच असं नाही.

दाखलनोंद
मी 31 वर्षं ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. पहाटपाळी, तुझं म्हणणं वाचून वाईट वाटलं बाळा. तरीही मी ओळंबांच्या बाजूने आहे, आणि माझं कारण वेगळं आहे.

'पुस्तकं वापरासाठी असतात' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला नियम मी किती जणांना शिकवला असेन. पण काम चालू असताना वाचनालय उघडं ठेवून मी एकदा पाहिलंय. भिंतीचा गिलावा काढला की इतकी बारीक धूळ उठते की ती बंद कपाटातही शिरते आणि जुन्या बांधीव खंडांच्या पानांत बसून राहते. ती पुसायला गेलं की पानाचा तुकडा हातात येतो. आम्ही प्लास्टिकचे पडदे लावले होते. त्यांच्या आत दमट हवा कोंडली आणि पाठपुठ्ठ्यांवर बुरशी धरली. सन 1900 च्या आसपासच्या मासिकांचे काही खंड तेव्हा कायमचे गेले. ते दुसरीकडे कुठे असतील की नाही, देव जाणे.

शिवाय पुस्तकं हलवताना गहाळ होतात ती अशाच अर्धवट चालू कारभारात. कपाट 14 मधलं निम्मं गोण्यांत, निम्मं व्हरांड्यात, आणि वाचक समोर उभा. एकटी ग्रंथपाल आणि एक शिपाई देवघेव करणार की गोण्यांवर चिठ्ठ्या लावणार? काम उरकल्यावर पडताळणी केली तेव्हा 200 च्या वर पुस्तकं सापडली नाहीत. त्या यादीवर सही करताना माझा हात कापत होता. वाचक थोडे दिवस रागावेल, पण परत येईल. तो खंड परत येणार नाही.

चिंचबन
वाचक परत येतो हे गृहीत धरू नका ताई. आमच्याकडे वाचनालय बंद होतं त्या काळात माझ्या आईने वाचनच सोडलं. आधी आठवड्याला दोन पुस्तकं बदलायची. दार उघडलं तेव्हा तिला मोतीबिंदू झाला होता आणि सवयही मोडली होती.

कौलारू
दाखलनोंद ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्या खंडांचं दुःख मला कळतं, आणि धुळीचा विचार मी केलाच नव्हता. तेवढ्यापुरतं माझं मत बदललं: छप्पर उतरलेल्या इमारतीत वाचक नको आणि पुस्तकंही नकोत.

पण ओळंबा, न्यूयॉर्कची पुढची गोष्टही सांगायला हवी. दालन बंद झालं तरी ग्रंथालय चालूच राहिलं. त्याच इमारतीत दुसरीकडे वाचकांना बसवलं, पुस्तकं मिळत राहिली. माझा आग्रह तेवढाच आहे. आमच्या सूचनेत मात्र देवघेव, वर्तमानपत्रं, अभ्यासिका सगळं एका ओळीत बंद केलंय, आणि पर्यायी जागेबद्दल एक शब्द नाही.

टेम्सकाठ
ऑक्सफर्डला शिकत असताना तिथल्या बॉडलियन या विद्यापीठ ग्रंथालयाची 1930 च्या दशकात बांधलेली मोठी इमारत पूर्ण बंद होती. 2011 ला बंद झाली ती 2015 ला वेस्टन ग्रंथालय म्हणून उघडली. आतली पुस्तकं आधीच स्विंडनजवळच्या नव्या कोठारात हलवली होती. आपण मागणी नोंदवायची, पुस्तक गाडीने यायचं, आणि शेजारच्या दुसऱ्या वाचनकक्षात बसून वाचायचं. माझा अभ्यास त्यामुळे अडला नाही. पण हे जमलं कारण कोठार आधी बांधलं, इमारत नंतर रिकामी केली.

दाखलनोंद
क्रम असा असेल तर माझा विरोध नाही. नाशिकच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत पोचवतात, तशा आपल्याकडेही करता येतील. जास्त मागणी असलेली हजारभर पुस्तकं आधी वेगळी काढा, त्यांची स्वतंत्र यादी करा आणि पेट्या वाड्यावाड्यांत फिरवा. बाकी सगळं मोजून, बांधून, कोरड्या जागी कुलूपबंद. ग्रंथपालाच्या मदतीला मात्र दोन माणसं हवीतच, नाहीतर पुन्हा तेच होईल.

ओळंबा
पर्यायी जागेला माझीही हरकत नाही, फक्त ती तळमजल्यावर बघा. पण खर्च कोण करणार? भाडं, वाहतूक, दोन माणसांचे पगार हे अंदाजपत्रकात नसेल तर कार्यकारी मंडळ ते छपराच्या रकमेतून काढणार. मग रीप कमी प्रतीचे येतील आणि पाच वर्षांनी पुन्हा वाळवी. मला विचाराल तर हलक्या रिपांपेक्षा सहा महिने बंद दार पत्करेन. आणि कौलं जूनच्या आधी चढलीच पाहिजेत, त्यावर कुठलीच तडजोड करू नका.

पहाटपाळी
काका, हायस्कूलचं जुनं सभागृह तळमजल्यावर आहे आणि शाळा सुटल्यावर रिकामंच असतं. आम्ही 22 जण अभ्यासिकेत बसतो. विजेचं बिल आम्ही वर्गणी काढून भरू, गोण्याही उचलू. मुख्याध्यापकांना भेटायला सोमवारी कोणी मोठं माणूस सोबत येईल का?

कौलारू
मी येतो. साडेपाचला शाळेच्या फाटकाशी थांब. ओळंबा, तुमची हरकत मी सभेत तुमच्याच शब्दांत वाचून दाखवणार आहे. पर्यायी जागेच्या खर्चाची तरतूद वेगळी दाखवल्याशिवाय काम सुरू करू नये, असा ठराव मांडतो. सूचनेतले 'पुढील सूचनेपर्यंत' काढून तिथे तारीख लिहायला सांगणार आहे.