म्हातारा नायक म्हणजे अपमान नव्हे

‘जुन्या नायकाला थकलेला, हरलेला दाखवणं हाच त्याचा अपमान’ हे मत मला पटत नाही. २०१५च्या ‘क्रीड’ या चित्रपटात ‘रॉकी’ मालिकेचा जुना नायक, बॉक्सर रॉकी आजारी आहे, रिंगबाहेर आहे, तरी एकेकाळचा प्रतिस्पर्धी आणि मित्र अपोलोच्या मुलाला घडवताना तो पूर्वीपेक्षा मोठा वाटतो. त्याच वर्षीच्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द फोर्स अवेकन्स’बद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. जुन्या भागांचा नायक ल्यूक अगदी शेवटी येतो, तोही एक शब्द न बोलता, आणि तोवर त्याचा जुना साथीदार हान सोलो गेलेला असतो. पणजीत मांडवीच्या काठाने चालत आम्ही मित्र यावर कितीतरी वेळ भांडलो होतो. हानचं मरण मी समजू शकतो. पण ल्यूक, त्याची बहीण लेया आणि हान या तिघांना या नव्या तीन भागांत एकदाही एकत्र आणलं नाही, हे मात्र अजून सलतं.