जुनं इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र बँडचं) गाणं मालिकेत वाजलं की पैसे कुणाला?

टेपडेक: 'वेन्सडे'च्या (नेटफ्लिक्स, २०२२) चौथ्या भागातल्या नाचामुळे द क्रॅम्प्सचं १९८१ चं 'गू गू मक' नव्या पोरांपर्यंत पोचलं. असं गाणं घ्यायला परवानगी कुणाची लागते? बँडला काय मिळतं?

खर्ज: परवाने दोन लागतात. शब्द आणि चालीचा तो सिंक, पब्लिशर (रचनेचे हक्क सांभाळणारा) देतो. ध्वनिमुद्रणाचा तो मास्टर, ज्याच्याकडे मुद्रणाचे हक्क आहेत तो देतो, बहुतेकदा लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी. हे गाणं मुळात रॉनी कुक अँड द गेलॅड्सचं, १९६२ चं. म्हणजे सिंकचे पैसे कुक आणि एड जेम्स या रचनाकारांच्या बाजूला. क्रॅम्प्सच्या बाजूला फक्त मास्टरचे, तेही लेबलशी जसा करार असेल तसे. दोन्ही बाजूंना सहसा सारखीच रक्कम देतात आणि एकीचा दर वाढला तर दुसरीचाही वाढेल अशी अट घालतात. एकीने नकार दिला की विषय संपला.

जुन्या इंडी बँडचं घोडं इथेच अडतं. लेबल बंद पडलेलं, हक्क दोनतीन हात फिरलेले, कुणाचा वाटा किती हे कागदावर नाही. एडिटिंग संपत आलेलं असताना म्युझिक सुपरवायझर (मालिकेसाठी गाणी निवडणारा) वारस शोधत बसत नाही, दुसरं गाणं उचलतो.

रात्रपाळी: परवान्याची व्याप्तीही बघा, म्हणजे तो फक्त प्रसारणापुरता आहे की डीव्हीडीलाही चालतो. 'डारिया' या एमटीव्हीच्या ॲनिमेशन मालिकेत नव्वदीतली खरीखुरी गाणी होती. २०१० च्या डीव्हीडीत बहुतेक काढून टाकली, कारण ती पुन्हा विकत घेणं परवडणारं नव्हतं. त्या मालिकेचा जीव गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि श्रोते हातचे निसटतातही. टिकटॉकवर त्याच नाचाला लोकांनी लेडी गागाचं २०११ चं 'ब्लडी मेरी' वेग वाढवून जोडलं. ते त्या प्रसंगात नव्हतंच, तरी पुन्हा गाजलं.

टेपडेक: मग बँडने आधी काय तयार ठेवावं?

खर्ज: सगळ्यांच्या सहीचं वाटणीपत्रक (गाण्यात कुणाचा वाटा किती), बेरीज बरोबर १०० टक्के. गाण्याची वेव्ह फाइल आणि गायनाशिवायचं मिक्स, कारण संवादाखाली तेच चालतं. आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, आणि फाइलच्या मेटाडेटातच (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) संपर्काचा ईमेल. दुसऱ्याचा सॅम्पल (त्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा) वापरला असेल तर त्याची लेखी परवानगी. रचनाकाराने आयपीआरएससारख्या, रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नाव नोंदवावं. प्रसारणानंतर क्यू शीट (कुठलं गाणं किती वेळ वाजलं याची यादी) मागून घ्या. त्यात नाव, वाटा किंवा सेकंद चुकले तर रॉयल्टी अडकते, आणि नंतर दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात.